तारखेची खाच

शेवटचा थेंब सापडला त्या झुडपाला वर्नाने नारिंगी फीत बांधली आणि ती पुन्हा गुडघ्यांवर बसली. पुढे नुसता सुट्या दगडांचा उतार. दगडावर रक्त दिसलं तर दिसलं, नाहीतर बिगहॉर्न डोंगरांच्या या अंगाला सगळे दगड दगडफुलाने तांबडेच.

मागे जावई उभा होता. डेरिकच्या अंगावर सगळं नवं. बूट नवे, दुर्बीण नवी, अंतर मोजायचं यंत्र नवं, आणि रायफल तर अशी की तिला तो वर्नाच्या लेकीलाही हात लावू देत नसे. सकाळी त्याने समोरच्या धारेवरून, मधली सगळी दरी ओलांडून, एल्क हरणाचा नर टिपला होता. टिपला म्हणजे काय, नर लंगडला आणि झाडीत शिरला. तेव्हापासून दोघं त्याच्या रक्तामागे फिरत होती.

"यंत्राने अंतर बरोबर सांगितलं होतं," डेरिक पुन्हा म्हणाला.

"आणि वारा?"

"वारा नव्हताच हो."

"तुझ्याकडे नव्हता, जावईबापू. त्याच्याकडे होता."

आभाळ खाली येत चाललं होतं. दुपारनंतर बर्फ पडणार, आणि बर्फ पडला की माग पुसला. वर्ना एकेक दगड चाचपत सरकत होती.

तेवढ्यात डेरिकने श्वास रोखला. वरच्या बाजूला, पानं झडलेल्या ॲस्पेनच्या झाडांमधून दुसराच नर बाहेर आला होता. धडधाकट, आडवा उभा, दगड फेकला तर लागेल इतका जवळ. डेरिकने खांद्यावरची रायफल उतरवली.

"खाली कर ती," वर्ना मान न वळवता पुटपुटली.

"बघा तरी, सासूबाई! हा नाही चुकणार."

"तुझा नर पुढे कुठेतरी पडलाय."

"पडलाय की पळालाय, कोणाला ठाऊक? मिळाला नाही तर दुसरा मारायचा नाही, असं कायद्यात कुठे लिहिलंय?"

"कायदा मला शिकवू नकोस. आमच्या शिकारतळाचा नियम आहे, रक्त काढलं की परवाना संपला. जनावर मिळो न मिळो. चाकू काढ आणि परवान्यावर आजच्या तारखेला खाच पाड, म्हणजे तो वापरला गेला."

"आणि तुमच्या लेकीला काय सांगू? हिवाळाभर फ्रीझर रिकामा का?"

"सांग, एक मारला आणि शोधायचा कंटाळा आला."

डेरिकचे कान लाल झाले. "मग तुम्ही मारा! तुमचा परवाना कोराच आहे ना?"

कोराच होता. वर्नाने एकदाच वर पाहिलं. कसा उभा होता मेला, जणू बोलावणं धाडून आणलेला! पण याला पाडलं की उरलेला दिवस कापण्यात आणि वाहण्यात जाणार. आणि तो दुसरा जीव तिथे वर, पाय ओढत, कोल्ह्यांची चाहूल ऐकत पडून राहणार.

तिने नराकडे पाठ केली.

"बोलण्यात दम घालवू नकोस," ती म्हणाली.

नर सावकाश झाडीत गेला. डेरिकने एक शिवी हासडली. यंत्राला, सासूला की स्वतःला, ते त्यालाच ठाऊक. मग मागे चाकू उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो तिच्या शेजारी नव्या विजारीनिशी गुडघ्यांवर आला आणि दगड न्याहाळू लागला. आता अंतराबद्दल एक अक्षर नाही.

"सासूबाई!" तो एकदम ओरडला. "इथे! अजून ओलं आहे!"

वर्नाने वाकून पाहिलं. मग आपला तळवा त्याच्यापुढे उघडा धरला. दगडाच्या धारेने तो आडवा चिरला होता.

"ते माझं," ती म्हणाली. "पुढे बघ."