खिडकीतले दोन कप

“झाड! नाही, नाही, देऊळ!” गौतमी ओरडत होती आणि निशिकांत पांढऱ्या फळ्यासमोर नुसता मान हलवत होता. वास्तुशांतीचं जेवण सगळ्यांच्या अंगावर आलं होतं, म्हणून नव्या हॉलमध्ये चित्र ओळखायचा खेळ रंगला होता. चिठ्ठीत आलेला शब्द नवऱ्याने चितारायचा, बायकोने ओळखायचा. समोरच्या टीमने तोंड उघडायचं नाही, एवढाच नियम.

निशिकांतने आधीचं पुसून नव्याने काढलं. एक खिडकी. खिडकीच्या कट्ट्यावर दोन कप, एकमेकांना टेकलेले.

“चहा! हॉटेल! पाहुणे!” गौतमीचा घसा बसत आला. तो कपांखाली पुन्हा पुन्हा रेघ ओढत राहिला.

“सुख,” समोरच्या टीममधून मृदुला म्हणाली. गौतमीची कॉलेजपासूनची मैत्रीण. हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखी.

चिठ्ठी उघडली, तर शब्द तोच.

“कमाल आहे बाई तुझी!” म्हणत सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मृदुला घाईघाईने सरबताचे ग्लास गोळा करायला उठली. हातात डस्टर असूनही निशिकांतने चित्र तळहाताने पुसलं. त्या काळ्या झालेल्या तळहाताकडे गौतमी बघत राहिली. पित्त होतं म्हणून या माणसाने घरात चहा सोडून वर्षं लोटली होती.

“पण नियम मोडला ना! पॉइंट कुणाला देऊ?” नणंदेने पेन सरसावत विचारलं.

“त्यांनाच द्या, ताई,” गौतमी म्हणाली. “तिनेच ओळखलंय.”