न घसरणारा ट्रे

ओल्या स्टीलच्या ट्रेवर रिकामा पेला ठेवून ट्रे एका बाजूने हळूहळू उचलला, की पेला आधी जागच्या जागी किंचित थरथरतो. मग एकदम सुटतो. मधली पायरीच नाही.

ताईने तो टेबलाच्या कडेशी झेलला.

“स्टील बाद.”

“अहो ताई, टिकायला स्टीलसारखं काही नाही,” ट्रेवाला म्हणाला. “पडला तरी फार तर पोचा येईल.”

“ट्रे पडायची मला काळजी नाही. वरचं पडतं, त्याचं बोला.”

वरचं पडतं, हे आता हॉटेलात सगळ्यांना ठाऊक होतं. काका तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचे वेटर. तळहातावर चौघांचं जेवण तोलून, खांद्याने दार ढकलत यायचे. गेले काही महिने मात्र मधूनच दाराशी खळकन आवाज व्हायचा. काका खाली बसून काचा गोळा करायचे आणि म्हणायचे, “हात थरथरतो गं ताई. माझ्यात आता राम राहिला नाही. माझं काय करायचं ते ठरव बाई एकदा.”

ते ठरवणंच ताई टाळत होती. वडिलांनी शेवटच्या आजारपणात काकांचा हात धरला होता. “पोरीला एकटी टाकून जाऊ नकोस,” म्हणाले होते, आणि काकांनी शब्द दिला होता. तेव्हा तिला आमटीतलं मीठही कळत नव्हतं. बाजार, हिशेब, गिऱ्हाईक, सगळं काकांनी शिकवलं. त्याच माणसाला आता घरी बसवायचं?

ताई पदार्थविज्ञान शिकलेली. माणसात दोष शोधण्याआधी वस्तूत शोधायचा, ही तिची जुनी सवय. म्हणून ट्रे.

लाकडी ट्रे आला. देखणा, हाताला उबदार, पण पाणी पिऊन जड होणारा. काकांनी तो दिवसभर मिरवला आणि संध्याकाळी दोन पेले फोडले. मग मेलामाइनचा आला. हलका, पण पुसताना जरा ओल राहिली की काचेसारखा गुळगुळीत. तिसऱ्याच दिवशी खळकन.

“अगं, ट्रे कसले बदलतेस?” स्वयंपाकघरातून मावशी ओरडल्या. “नाचणारा अंगण बदलत बसला, तसं चाललंय तुझं. काकांना सांग की स्पष्ट!”

“मावशी, तुमचा रस्सा करपतोय.”

“माझा रस्सा कधी करपलाय?” मावशी म्हणाल्या, पण आत गेल्या.

ताई काकांवर लक्ष ठेवून होती. दुपारी सगळ्यांचा चहा तेच आणत. काठोकाठ भरलेले कप, बशीत थेंब नाही. तिने मनाशी नोंद केली: कप लहान, ओझं कमी, म्हणजे प्रश्न वजनाचा आहे. नशीब एवढंच, की जड ट्रेवरूनही गरम सूप कधी सांडलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या अंगावर तर साधं पाणीही नाही. पडायचे ते रिकामे पेले, तेही साधे.

शेवटी ट्रेवाल्याने फायबरचा ट्रे आणला, वर रबराचा पातळ थर दिलेला. तिने तो ओला केला, पेला ठेवला, एक बाजू उचलत गेली. पेला हलेना. ट्रे घसरगुंडीसारखा तिरपा झाला, तेव्हा पेला कलंडला. घसरला मात्र नाहीच. वजनालाही ट्रे मेलामाइनच्या जवळपास.

“सापडला,” ती म्हणाली. किती दिवसांनी ती अशी हसली होती.

काकांनी ट्रे तळहातावर घेतला, फिरवून पाहिला. “झकास! याच्यावरून काही घसरायचं नाही,” ते म्हणाले, आणि का कोण जाणे, ट्रे पटकन खाली ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दाराशी खळकन आवाज झाला.

ताईने ट्रे उचलला. कोरडा होता. रबर शाबूत होतं. या ट्रेवरून पेले पडायचे तर तो घसरगुंडीइतका तिरपा व्हायला हवा. म्हणजे हात इतका गेला?

“आता तरी बोल,” मावशी हळूच म्हणाल्या.

दुपारची गर्दी ओसरल्यावर ताईने काकांना समोर बसवलं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले, निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखे.

“काका, मी ठरवलंय.”

“बोल, बोल. अजिबात संकोच करू नकोस. मला वाईट वाटणार नाही.”

“तुम्ही कुठेही जायचं नाही. ट्रे आता मी उचलणार, तुम्ही गल्ल्यावर बसायचं. हात आणखी बिघडला तरी मी आहे.”

स्वयंपाकघराच्या दारात मावशींनी पदर डोळ्यांना लावला. काका मात्र तिच्याकडे बघतच राहिले.

“अगं, पण मी एवढे पेले फोडले!”

“फुटू देत.”

“उद्याही फुटतील.”

“नवे आणू.”

“म्हणजे तू मला काढणारच नाहीस?”

“कधीच नाही. तुम्ही बाबांना दिलेला शब्द पाळलात. आता माझी पाळी.”

काकांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. हात अगदी स्थिर होते. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, छताकडे पाहिलं, जणू तिथे कुणाची तरी माफी मागत होते.

“मग आता मलाच तोंड उघडायला हवं,” ते म्हणाले. “ताई, मला माझं स्वतःचं हॉटेल काढायचंय.”