घोट्यावरचा पट्टा

मनगटावरचा पट्टा खोटारडा निघाला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बसून भाकऱ्या थापत होत्या आणि तो पावलं मोजत सुटला होता.

कमरेचा पट्टा त्याहून बिनकामाचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आत्या इतक्या हळू चालत, की त्याला पाऊल कळतच नव्हतं. डॉक्टरांना तर खरा आकडा हवा होता.

“आता घोट्यावर बांधू, आत्या.”

“पायात नको.” त्यांनी पाय लुगड्यात ओढून घेतले. “लग्नाआधी तमाशाच्या फडात घुंगरांचे चाळ सोडले, तेव्हाच तुझ्या सासऱ्यांना शब्द दिलाय. पुन्हा पायात काही बांधणार नाही.”

“मामंजी जाऊन वर्षं झाली. आणि हा वाजत नाही हो.”

“वाजत नाही, तर बांधायचा कशाला मग?”

पण हसल्या. माझ्या हातातून पट्टा घेतला, कपाळाला लावला आणि न बघता घोट्यावर आवळला.

मी हात धरून त्यांना उभं केलं. “चला, दारापर्यंत.”

त्या हलल्या नाहीत. डोळे मिटून, ऑपरेशनचा पाय किंचित उचलून तशाच उभ्या राहिल्या.

“आत्या, चालायचंय ना?”

“थांब गं,” त्या म्हणाल्या, “ढोलकी तर येऊ दे.”