बिनगाठीचा स्वेटर

स्वेटर हातात येताच प्रेमलाताईंनी तो उलटा केला. जगदेवरावांना वाटलं होतं, बायका पुढूनच बघतील, छान म्हणतील आणि शेजारणीकडे देतील.

बडोद्याला निजामपुऱ्यात प्रेमलाताईंच्या फ्लॅटवर दर डिसेंबरात एका दुपारी आठ-दहा जणी जमत. वर्षभरात पुरी केलेली एक तरी वस्तू आणायची, लोकर कोणती, सुया किती नंबरच्या ते सांगायचं आणि वस्तू हातोहात फिरवायची. जगदेवरावांची चारुलता बावीस वर्षांत एकदाही रिकाम्या हाताने आली नव्हती. ऑगस्टमध्ये ती गेली. जाण्याआधी चार दिवस म्हणाली होती, "यंदाही माझा स्वेटर जायला हवा. माझा म्हणून. तुम्ही विणलात हे कुणाला सांगू नका."

त्यातला काठ तेवढा तिचा होता. चार बोटं विणला आणि तिच्या हातून सुया सुटू लागल्या. पुढचा सगळा जगदेवरावांनी विणला, पलंगाशेजारी खुर्ची घेऊन, ती सांगेल तसा. पहिला महिना टाके इतके घट्ट पडायचे की सुईवरून हलायचे नाहीत; तेवढं सगळं तिने उसवायला लावलं. "अहो, लोकर आहे ती," ती म्हणायची. "क्रेनला लटकवायची नाहीये."

"काका, लोकर कोणती?" योगिनीने विचारलं. ती सगळ्यांत लहान. प्रत्येक वस्तूचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचं काम तिच्याकडे होतं.

"चार पदरी. सात गोळे लागले. आठवा फक्त गळ्यापुरता उघडला. काठाला बारा नंबरच्या सुया, वर दहा."

सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"घ्या!" स्नेहलताताई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना विचारा, स्वेटरला बाह्या किती? ते आधी अंगावरचा बघतील, मग सांगतील."

हशा झाला. जगदेवराव हसले नाहीत. आपण गरजेपेक्षा जास्त बोललो हे त्यांना कळून चुकलं.

हसता हसता स्नेहलताताई थांबल्या. "पण भाऊजी, जूनमध्ये मी तरसालीला तुमच्याकडे आले होते तेव्हा चारूला कपसुद्धा धरवत नव्हता. तिनं हा विणला कधी?"

"थोडा थोडा," जगदेवराव फरशीकडे बघत म्हणाले. "उशीला टेकून."

प्रेमलाताईंचा अंगठा स्वेटरच्या आतल्या बाजूने चालला होता. काठात एक गाठ लागली, जाड, दोन्ही टोकं बाहेर आलेली. चारुलता गाठच मारायची. मारू नकोस, टोकं आत विणून टाक, असं सगळ्यांनी सांगून झालं होतं. ती ऐकायची नाही. काठ संपला तिथे अंगठा थांबला. खालचे टाके घट्ट होते, वरचे मोकळे. मग अंगठा पोटावरून खांद्यापर्यंत गेला आणि परत खाली आला. सात गोळ्यांच्या विणीत एकही गाठ नव्हती. नवा गोळा कुठे लागला ते बोटाला समजत नव्हतं.

आपण कुठे पकडले गेलो ते आता जगदेवरावांच्या ध्यानात आलं. रिफायनरीत तीस वर्षं त्यांनी दोरखंडांनी जड यंत्रं उचलली होती. दोराला दोर जोडताना गाठ मारायची नसते. पदर उलगडून एकमेकांत गुंफायचे असतात. लोकरीलाही त्यांनी तेच केलं होतं. दुसरं काही सुचलंच नव्हतं.

प्रेमलाताईंनी मान वर करून त्यांच्या हातांकडे पाहिलं. जगदेवरावांनी हात मांडीखाली घेतले.

"मला दे ने इकडे," स्नेहलताताईंनी हात पुढे केला.

प्रेमलाताईंनी स्वेटर सुलटा केला आणि मगच दिला. "चारूचाच हात," त्या म्हणाल्या. "काठ बघ. एवढा घट्ट काठ अख्ख्या बडोद्यात दुसरं कोण विणतं?"

स्नेहलताताईंनी काठ ओढून पाहिला. "खरंच गं. मेलीचा हात लोखंडाचा." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि स्वेटर उलटून बघायचं विसरून गेल्या. "सरस केलाय."

योगिनीने फोटो काढला आणि खाली लिहिलेलं वाचून दाखवलं. "चारुलतामावशी. राखाडी, चार पदरी, दहा आणि बारा नंबर. बरोबर ना काका?"

"बरोबर," जगदेवराव म्हणाले.

चहा झाल्याची हाक आली तशा सगळ्या उठून आत गेल्या. जगदेवरावांनी निघण्यासाठी पिशवी उचलली. प्रेमलाताई तेवढ्या जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी स्वतःचं अर्धवट विणकाम मांडीवर घेतलं होतं.

"बसा भाऊजी. माझा गोळा संपलाय." त्यांनी संपलेल्या लोकरीचं टोक आणि नव्या गोळ्याचं टोक, दोन्ही जगदेवरावांच्या तळहातावर ठेवली. "मला गाठ नकोय."

जगदेवरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"कुणी येत नाही. ढोकळा संपेपर्यंत तरी नाही."

जगदेवराव खाली बसले. दोन्ही टोकांचे पदर त्यांनी नखाने सुटे केले. दोन इकडचे छाटले, दोन तिकडचे. उरलेले जिभेवर ओले केले, एकमेकांत घातले आणि दोन तळव्यांमध्ये धरून सावकाश वळले. प्रेमलाताई वाकून बघत होत्या.

"ओढा," ते म्हणाले.

प्रेमलाताईंनी भीत भीत ओढलं.

"असं नाही, जोरात. भार घेतो तो जोड."