आपल्या पोरीबद्दल बोलायचं नाही

"केलिन प्रुइटबद्दल कोण बोलतंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं आणि सगळ्या माना मार्ज डेल्व्हेकियोकडे वळल्या.

मार्जनं हातातला पिझ्झा खाली ठेवला. अमेरिकेतल्या सिरॅक्यूजजवळच्या एका शाळेच्या वाचनालयात जिल्ह्यातले मुलींच्या लॅक्रोसचे, म्हणजे जाळीच्या स्टिकनं बॉल झेलत-फेकत गोल करायच्या खेळाचे, सगळे कोच जमले होते. देशातल्या निवडक शालेय खेळाडूंना मिळणाऱ्या 'ऑल-अमेरिकन' या मानाची एकच जागा उरली होती आणि नावं होती दोन. एक केलिन, डग हॅलोरनच्या बड्या शाळेची, गोलांवर गोल ठोकणारी. दुसरी टेस ब्रोडॉक, मार्जच्या छोट्या शाळेची बचावपटू, चौदा नंबरची. नियम जुना आणि कडक होता. आपल्या पोरीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, बोलायचं ते तिच्याविरुद्ध खेळलेल्या संघाच्या कोचनं. कुणीच बोललं नाही, तर नाव बाद.

मागच्या वर्षी टेसचं नाव असंच बाद झालं होतं. गोल करणारी सगळ्यांना दिसते, गोल होऊ न देणारी कुणाला दिसणार? खेळाच्या जोरावर केलिनचं कॉलेज कधीच ठरलं होतं. टेसला अजून एकाही कॉलेजचा फोन नव्हता आणि शाळेचं हे तिचं शेवटचं वर्ष. हा मान मिळाला, तरच कुणीतरी तिच्याकडे वळून बघेल, हे मार्जला पक्कं ठाऊक होतं.

अंतिम सामना मार्ज आणि डगच्याच संघांत झालेला, म्हणून केलिनबद्दल पहिलं बोलायचा हक्क मार्जचा. ती गप्प बसली असती, तर बाकीचेही बिचकले असते. क्षणभर तिच्या मनात तसं आलंही.

मग ती उठली. "बॉल या पोरीच्या स्टिकच्या जाळीत गेला ना, की गोल झालाच समजा. इतक्या वर्षांत अशी खेळाडू मी पाहिली नाही. खोटं कशाला बोलू?"

ती खाली बसली. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलाय, हे तिला कळत होतं.

"टेस ब्रोडॉक?"

कुणी घड्याळाकडे बघितलं. कुणी सोड्याचा रिकामा कॅन उगाच हलवून पाहिला. मार्जला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. डग हॅलोरन उठला होता. टेबलाखालून एक स्टिक काढून त्यानं ती पिझ्झाच्या खोक्यांशेजारी ठेवली.

"मी बोलतो."

"डग, डोकं ठिकाणावर आहे ना?" शेजारचा कोच म्हणाला. "तुझीच पोरगी मागे पडेल!"

"ही केलिनचीच स्टिक. हंगामभर मुठीच्या पट्टीवर हा आकडा लिहून फिरतेय. तिचा स्वतःचा नंबर तीन. मला वाटायचं, असेल कुण्या पोराचा!"

खोलीत हशा पिकला. मार्जनं वाकून पाहिलं. मळक्या पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईत 'चौदा' होतं.

"अंतिम सामना आम्ही जिंकलो," डग म्हणाला, "पण केलिनचा त्यात एकही गोल नव्हता. टेसनं होऊच दिला नाही. आठवतंय का कुणाला? नाहीच आठवणार. आपण सगळे बॉलकडे बघत होतो. केलिन एकटीच चौदा नंबरकडे बघत होती."

अध्यक्षबाईंनी मत मागायच्या आधीच एक हात वर गेला, मग दुसरा, मग एकदम पुष्कळ.

मार्जचे डोळे भरून आले. "डग, हे तुला सुचलं?"

"मला कुठलं सुचतंय! निघताना केलिननं ही स्टिक माझ्या हातात कोंबली. म्हणाली, 'सर, माझ्याबद्दल बोलायला तुम्हाला बंदीच आहे ना? मग या चौदा नंबरबद्दल बोला.'"