कारणाच्या रकान्यात

"बाटलीत काय आहे ते कुणीही सांगेल, चिमणे. हात कधी लावायचा नाही, ते आधी लिही." औषधांच्या दुकानात चिठ्ठ्या चिकटवताना आई म्हणायची. तिला जाऊन वीस वर्षं झाली.

आता मी सॉफ्टवेअरच्या साधनांची वर्णनं तपासते. ती वाचूनच एआय एजंट ठरवतो, कुठलं साधन कधी वापरायचं. लहान मुलांच्या औषधाची मात्रा काढणारं आमचं साधन आज दुपारी इस्पितळात सुरू होणार होतं.

शेवटच्या चाचणीत एजंट अडला. थांबण्याच्या कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: "हात लावू नकोस, चिमणे."

वर्णनात असा शब्दच नव्हता. पुन्हा चालवलं, तेच. एजंट बदलला, तरी तेच.

"ही चिमणी कुठून घुसली?" साहेब हसले. "उडव तिला. तिकडे पहिलं लेकरू खाटेवर आहे."

मी रकाना पुसला. तो आपोआप भरला: "सांग ना गं."

मी साहेबांकडे वळले.

"साहेब, थांबवा सगळं. 'मुलाचं वजन ठाऊक नसेल तर वापरू नये', अशी ओळ होती वर्णनात. तिच्यामुळे एजंट सारखा थांबायचा, चाचणीत आपले गुण घसरायचे. ती मी काढली."