समितीला हवं असलेलं नाव

माझी पुतणी नेनिता लग्नाला उभी राहिली, त्या वर्षीची गोष्ट. तिचा बाप क्रिसांतो, माझा धाकटा भाऊ, नवोतास बंदरात कांद्याच्या गोदामावर रखवालदार होता. तिथला कांदा परदेशातून चोरून आणलेला निघाला आणि सिनेटच्या समितीने त्याला साक्षीला बोलावलं. समितीचे अध्यक्ष मोठे कामसू सिनेटर. एकही बैठक चुकवत नसत.

"बाबा, मालकाचं नाव?" त्यांनी क्रिसांतोला विचारलं.

"मला कोण नाव सांगतंय साहेब? ट्रक आला की फाटक उघडतो."

"मग आठवेपर्यंत आमचा पाहुणचार घ्या," सिनेटर म्हणाले. सगळे हसले. त्याला तिथेच, सिनेटच्या इमारतीत कोंडलं.

लग्न तोंडावर आलं. मी जेवण घेऊन गेलो, तेव्हा तो म्हणाला, "दादा, पोरीचा हात धरून चर्चमध्ये कोण नेणार? आपल्या गल्लीतल्या फॉर्तुनातो सालुंगाचं नाव सांगून टाकतो. मेलेल्या माणसाचं कोण काय वाकडं करणार?"

सकाळी त्याने ते सांगितलं. सिनेटरनी कॅमेऱ्यासमोर त्याचा हात हातात घेतला. "चिकाटीने विचारलं की सत्य बाहेर येतंच."

संध्याकाळी पोलीस सालुंगांच्या दारात उभे राहिले. थोरल्या पोराला गल्लीत सगळे बोयेत म्हणत. बापाचंच नाव त्याला ठेवलंय, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

"फॉर्तुनातो सालुंगा कोण?"

तो ताटावरून उठला. "मीच की. काय झालं?"

त्याने बंदूक काढली, असं पोलीस म्हणाले. बापाच्या नावाचा हा दुसरा फॉर्तुनातो सालुंगा नेनिताच्या लग्नाआधीच्या गुरुवारी मेला.